तिगावची खुंटी

संपादकांनी कळवलं की ज्या संस्थेत तुम्ही उभं आयुष्य काढलं तिची वाचकांना ओळख करून द्या. संस्थेची ओळख करून द्यायला माहितीपुस्तक आहे. गुळगुळीत कागदावर छापलेलं, पहिल्या पानावर कुलगुरूंचा फोटो, शेवटच्या पानावर वसतिगृहाचे नियम. कोणत्या शाखेत काय शिकवतात, प्रयोगशाळा किती, क्रीडांगण केवढं, सगळं त्यात सापडतं. ते लिहिणारे विद्वान आहेत, त्यांच्या पोटावर मी पाय देणार नाही. मी तिथे सर्वेक्षण विभागात डेमॉन्स्ट्रेटर होतो. म्हणजे प्राध्यापक फळ्यावर जे शिकवतात ते उन्हात उभं राहून करून दाखवणारा माणूस. तेव्हा उन्हातलं जे आठवतं तेच लिहितो.

आता तिचं विद्यापीठ झालं आहे, नवी कमान लागली आहे. मी लागलो तेव्हा ते नागपूर शहराबाहेरचं सरकारी तंत्रशिक्षणाचं एक मोठं आवार होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी लांबच लांब भिंत दिसायची, मग धुराडं, मग भोंगा ऐकू यायचा. त्यामुळे आसपासच्या खेड्यांतले लोक तिला गिरणीच समजत आणि आत पोरं शिकतात म्हटलं की हसत. आत शिरलं की एका अंगाला ओतशाळा, लोहारशाळा, सुतारशाळा, दुसऱ्या अंगाला चित्रकामाचे हॉल. तिथे मुलं लाकडी फळ्यांवर तासन्‌तास ओणवी होऊन पुलाच्या कमानी काढत. विजेच्या प्रयोगशाळेत सगळीकडे 'हात लावू नका' असं लिहिलेलं, आणि शिक्षण सगळं हात लावण्याचंच.

पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाच्या हातात लोखंडाचा एक ओबडधोबड तुकडा आणि कानस देत. सगळ्या बाजू सपाट आणि कोपरे काटकोनात येईपर्यंत घासत राहायचं. वकिलाचा मुलगा असो, पाटलाचा असो, हाताला फोड आल्याशिवाय सुटका नाही. बरीच मुलं पहिल्याच महिन्यात घरी लिहीत की आम्हाला डॉक्टर व्हायचं होतं.

स्वातंत्र्य आलं तशी संस्था वाढली. इंग्रज प्राचार्य विलायतेला गेले, जाताना त्यांनी गुलाबांची जबाबदारी माळ्याला आणि कुत्र्याची जबाबदारी लेखापालाला दिली. देशाला धरणं हवी होती, पूल हवे होते, म्हणून जागा वाढल्या, टिनाच्या शेडमध्ये वर्ग भरू लागले. लोकांचाही समज झाला की संस्था आता आपली आहे, तेव्हा सरकारी दवाखान्यासारखी तिथे मोडकी वस्तू घेऊन जायला हरकत नाही. कोणी ऑइल इंजिनाचं चाक घेऊन यायचं, कोणी कापसातली सरकी काढायच्या रेचाईच्या कारखान्यातला रूळ. एकदा सौसरकडची चार माणसं तडा गेलेली देवळातली घंटा घेऊन आली. धातुशास्त्राच्या प्राध्यापकांनी तिच्यावर मुलांना एक अख्खं व्याख्यान दिलं, ओतशाळेने ती वितळवून पुन्हा ओतली, आणि वाजवून पाहिली तर परात वाजवल्यासारखा आवाज. आम्ही सगळे ओशाळलो. ती माणसं मात्र खूश होती. म्हणाली, "आवाजाचं काय घेऊन बसले सायेब, कालेजात शिकून आली आहे आता."

मी स्वतः पांढुर्ण्याचा. त्यामुळे त्या बाजूचा कोणी आवारात शिरला की दरवान त्याला न विचारता माझ्याकडे पाठवायचा. पुढे जे सांगणार आहे त्याला कारण थोडंसं हेही आहे.

आमच्या विभागाचा सण म्हणजे हिवाळ्यातला सर्व्हे कॅम्प. स्थापत्य शाखेच्या मुलांना कुठल्यातरी गावाबाहेर तंबू ठोकून ठेवायचं आणि त्यांच्याकडून जमीन मोजून घ्यायची. जमीन मोजणं म्हणजे काय ते दोन शब्दांत सांगतो. शेतात एक लाकडी खुंटी ठोकायची. तिच्यापासून निघायचं, साखळीने अंतर आणि थिओडोलाइट नावाच्या दुर्बिणीवाल्या यंत्राने कोन मोजत, वाटेत खुंट्या ठोकत, गावाला मोठा वळसा घालून पुन्हा पहिल्या खुंटीवर यायचं. मग ते सगळं कागदावर काढायचं. शेतात तुम्ही निघाल्या जागी परत आलेले असता, तेव्हा कागदावरही रेघ फिरून निघाल्या ठिपक्यावर यायला हवी. ती कधीच अगदी बरोबर येत नाही. केसभर फरक चालतो, तो सगळ्या बाजूंवर वाटून टाकतात. बोटभर फरक आला की मुलांनी कुठेतरी घोळ केला किंवा घरबसल्या आकडे लिहिले असं समजायचं. अशा तुकडीला पुढच्या वर्षी पुन्हा कॅम्प करावा लागे.

राज्यपुनर्रचनेच्या आयोगाचा अहवाल आला त्या हिवाळ्यात आमचा कॅम्प तिगावला होता. पांढुर्ण्याच्या पुढचं स्टेशन, गाडी तिथे थांबते म्हणायची एवढंच. मोसंबी-संत्र्याचे बगीचे, कपाशीची वावरं, मागे सातपुड्याचे चढ, म्हणजे शिकायला सपाटी आणि उंचवटा दोन्ही. प्राध्यापकसाहेब मद्रासकडचे होते. मराठी त्यांना येत नव्हती, आणि गावाला इंग्रजी. मधे मी.

आम्ही गाडीतून उतरलो तेच चुकलो म्हणायला पाहिजे. लाल-पांढरे पट्टे ओढलेले बांबू, पितळी यंत्रं, साखळ्या, खाकी अर्ध्या चड्डीतली मुलं आणि टोप घातलेले प्राध्यापक. नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी, आणि त्या दिवसांत त्या भागात दुसरा विषय नव्हता. नागपूर आपल्यातून जाणार, की आपण नागपुरात जाणार, की आपण इकडेच राहणार आणि राजधानी लांब कुठेतरी होणार? हाटात, देवळात, न्हाव्याच्या दुकानात हेच. अशात सरकारी माणसं तिगावला उतरून वावरात रांगेने झेंडे रोवू लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढुर्ण्यात बातमी पोचली होती की लाईन, म्हणजे दोन राज्यांमधली हद्द, तिगाववरून चालली.

तंबूसमोर माणसांची रीघ लागली. मी एकेकाला सांगायचो की बाबांनो, ही शिकणारी मुलं आहेत, ही फक्त मोजतात. ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि आपलं म्हणणं मांडायचे. पांढुर्ण्याचे एक कापसाचे दलाल आले. म्हणाले, "सायेब, आम्ही व्यापारी मानसं. लाईन कोठूनबी न्या. आम्हाले इतकंच सांगून ठेवा, नाका कोठी बसन?" एक म्हातारी आली. तिची लेक नागपूरच्या बाजूला, नरखेडला दिलेली. "बाप्पा, लाईन पडल्यावर मले पोरीकडे जाऊ देतीन का नाही? का तिलेच इकडे बोलावून घेऊ?" मी म्हटलं, आजी, खुशाल जा. तिचा विश्वास बसला नाही, पण जाताना मला लाडू देऊन गेली.

यात महादेवराव होते. तिगावच्या बाहेर त्यांची अरुंद, लांब पट्टीसारखी जमीन होती. मधे विहीर, विहिरीलगत घर, आणि दोन्ही अंगांना संत्र्याची झाडं. खालच्या धुऱ्यावर, म्हणजे नागपूरकडच्या बांधावर, आमची पहिली खुंटी होती. मुलं त्यांच्याच विहिरीचं पाणी प्यायची. पहिल्या दिवशी विचारायला गेलो तर म्हणाले, "न्या ना बाप्पा पाह्यजे तितकं. विहीर माही आहे, पानी देवाचं." उंच, काटकुळा माणूस, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न बघता दूर झाडांकडे बघायचा.

त्यांचा मुलगा प्रभाकर नागपूरला इंटर सायन्सच्या पहिल्या वर्षात शिकत होता आणि सुटीत घरी आला होता. त्याला इंजिनिअर व्हायचं होतं, आमच्याच संस्थेत. इंटर झाल्यावर तिथे प्रवेश मिळायचा. त्याचे गुण मला त्याच्या आधी त्याच्या बापाने सांगितले, आणि ते खरोखर चांगले होते. थिओडोलाइटला डोळा लावायची त्याने परवानगी मागितली. जुन्या यंत्रांतून समोरचं दृश्य उलटं दिसतं. सिग्नल, झाडं, माणसं, सगळं डोकं खाली पाय वर. प्रभाकरने पाहिलं, त्याचं कारण विचारलं आणि लगेच समजून घेतलं. मग महादेवरावांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"गाव उलटं दिसून राह्यलं," ते म्हणाले.

"यंत्रच तसं असतं," मी म्हटलं.

"अन् यातूनच लाईन टाकनार?"

प्रभाकर लाजला. "बाबा, किती येळा सांगू? हे लोक शिकून राह्यले. हे लाईन टाकनारे नोहेत."

"तू गप राह्य," महादेवराव म्हणाले. "शिकाले कोनी नागपूरहून तिगावले येते का?"

प्रभाकरने पुन्हा यंत्राला डोळा लावला.

जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही पांढुर्ण्याचे, म्हनून इचारतो. तुमच्या कालेजात दुसऱ्या राज्याचं पोरगं घेतेत का?"

मी सांगितलं की जागा राज्यातल्या मुलांसाठी असतात, बाहेरच्यांसाठी अगदी थोड्या.

"हाव का?" एवढंच म्हणून ते झाडांकडे बघत राहिले.

कॅम्प संपत आला. शेवटच्या तुकडीचा प्रमुख बोबडे नावाचा वर्ध्याचा मुलगा होता. आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर की चहात साखर घालतानाही चमचा सपाट करून घ्यायचा. त्याची तुकडी वळसा पुरा करून पहिल्या खुंटीवर परत आली, संध्याकाळी तंबूत आकडेमोड करून रेघ काढली, आणि रेघ मिळेना. बोटभर नाही, चांगली वीतभर उघडी राहिली. पुन्हा बेरजा केल्या. तेच. बोबडेचं तोंड उतरलं.

प्राध्यापकसाहेबांनी नकाशा पाहिला आणि शांतपणे म्हणाले, हे आकडे शेतात लिहिलेले नाहीत, झाडाखाली लिहिलेले आहेत. बोबडे रडायच्या बेताला आला. तुकडीत भांडण जुंपलं. एक म्हणे, पहिल्या दिवशी निघालो तेव्हा विहीर आपल्या पुढे होती. दुसरा म्हणे, मागे होती. तिसरा म्हणे, विहिरीचं काय घेऊन बसलात, खुंटी तीच, तिच्यावरचा आकडा तोच, भोवती चुन्याचं कडंही तेच.

मला ते विहिरीचं बोलणं लागून राहिलं. सकाळी मी बोबडेला घेऊन महादेवरावांच्या वावरात गेलो. खुंटी होती. पण खालच्या धुऱ्यावर नव्हती, वरच्या धुऱ्यावर होती. दोन्ही धुरे सारखेच, दोन्हींवर बाभळी, परक्या मुलाला ओळखू येणं कठीण. भोवती चुन्याचं कडं आमच्यापेक्षा गोल काढलेलं. खुंटीच्या माथ्यावर हळद-कुंकू, पुढ्यात एक संत्रं. खालच्या धुऱ्यावर जाऊन पाहिलं तर जुन्या जागी खड्डा बुजवून वर शेणाने सारवलं होतं.

महादेवराव विहिरीवर मोट सोडत होते. आम्हाला पाहून त्यांनी बैल थांबवले.

"खुंटी तुम्ही सरकवली?" मी विचारलं.

"हाव."

"काऊन?"

त्यांनी दोर हातातून सोडला नाही. "सायेब, भावकीच्या धुऱ्याले म्या आजलोक बोट लावलं नाही. गावात कोनालेबी इचारा. धुरा सरकवनं म्हनजे पाप. पन ते जमिनीसाठी असते. हे पोरासाठी आहे."

लाईनच्या खाली, म्हणजे नागपूरच्या बाजूला जे पडेल ते नागपूरच्या राज्यात, असा त्यांचा हिशेब होता. खुंटी खालच्या धुऱ्यावर होती तेव्हा त्यांचं घर लाईनच्या वर, म्हणजे दुसऱ्या राज्यात जात होतं. वरच्या धुऱ्यावर नेली की घर, विहीर, झाडं सगळं नागपूरकडे. आणि मग प्रभाकर राज्यातला मुलगा.

"म्या जास्त नाही सरकवली," ते समजावत म्हणाले. "फक्त माह्यं वावर. गावाचं गावानं पाहून घ्यावं."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. सरकारी नोकरीत दोन्ही एकदम झालं तर हसू दाबायचं असतं, ते मी दाबलं. हळद-कुंकू कोणी वाहिलं म्हणून विचारलं, तर घराच्या दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

प्राध्यापकसाहेबांना बोलावून आणलं. मी सगळं इंग्रजीत सांगितलं, प्रवेशाच्या नियमासकट. सरकारी कामात ढवळाढवळ, पोलीस, असं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी आधीच शब्द जुळवून ठेवले होते. साहेबांनी टोप काढला, खुंटीकडे पाहिलं, संत्र्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "यांना विचारा, किती सरकवली."

मी विचारलं. महादेवराव म्हणाले, "माह्या वावराइतकी."

"मोजा," साहेब बोबडेला म्हणाले.

बोबडेने जुन्या खड्ड्यापासून नव्या खुंटीपर्यंत साखळी टाकली, दिशा घेतली आणि ते अंतर हिशेबातून वजा केलं. नकाशावरची रेघ फिरून अशी निघाल्या ठिपक्यावर येऊन बसली की कॅम्पात त्या वर्षी तेवढी चांगली कोणाचीच आली नव्हती. महादेवरावांनी खुंटी हलवल्यामुळेच त्या मुलांनी एकूण एक आकडा वावरात उभं राहून लिहिला हे सिद्ध झालं; झाडाखाली लिहिलेल्या आकड्यांत सरकवलेली खुंटी आलीच नसती. बोबडे त्यांच्या पाया पडला. का पडतो आहे ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

मग मी त्यांच्याजवळ विहिरीच्या काठावर बसलो आणि सगळं नीट सांगितलं. या खुंटीला काही अर्थ नाही. मुलं उद्या निघतील, खुंट्या उपटून पोत्यात भरतील, नकाशे कपाटात जातील.

"मंग खरी लाईन टाकाले कवा येतीन?" त्यांनी विचारलं.

"कोणी येणार नाही. वरच ठरतं ते. जिल्ह्याची जुनी हद्द आहे ना, तीच धरतील असं दिसतं. तुमचा छिंदवाडा जिल्हा तिकडेच राहील."

"पाहालेबी नाही येत कोनी?"

"नाही."

त्यांनी मोटेचा दोर पुन्हा उचलला. "मंग तुम्हीच बरे म्हना. वावरात तं आले."

आमचा रिवाज असा की कॅम्प उठताना एक-एक खुंटी मोजून परत न्यायची, भांडारपाल त्या बाबतीत फार कडक. महादेवराव म्हणाले, तेवढी एक राहू द्या, घरच्यांनी पूजा केली आहे, आता उपटणं बरं नाही. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, भांडारपालाला सांगा, वाळवीने खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यानंतर आम्हा नोकरांची विचारपूस झाली. ज्यांचं गाव नव्या हद्दीच्या पलीकडे जाणार होतं अशांना हेडक्लार्कने एकेक करून बोलावलं. माझी पाळी आली. "तुमचं पांढुर्णा. मध्य प्रदेशात जाता की इथे राहता?" बायको नागपूरची, मुलं नागपूरच्या शाळेत, भाड्याचं घर दोन गल्ल्यांवर. मी म्हटलं, "नागपूर." ते म्हणाले, "नागपूर नावाचं राज्य नाही, मुंबई म्हणा." नागपूर तेव्हा मुंबई राज्यात जात होतं; मुंबई मी तोवर पाहिलेली नव्हती. म्हटलं, मुंबई. त्यांनी खूण केली आणि पुढच्याला हाक मारली. चहा निवायच्या आत माझं राज्य ठरलं. नोव्हेंबर उजाडला, पांढुर्ण्यात माझा भाऊ आणि नागपुरात मी, दोघंही आपापल्या जागी झोपून वेगवेगळ्या राज्यांत उठलो. रेल्वेचं तिकीट तेवढंच राहिलं.

प्रभाकर इंटर झाला तो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. जुलैत प्रवेश सुरू झाले. आमच्याकडे प्रवेशाच्या दिवसांत मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडत आणि सगळ्या विभागांतून माणसं ओढून बसवत. एका टेबलावर गुण, एकावर वय, एकावर रहिवास. मला गुणांच्या टेबलावर बसवलं होतं. दुपारी मान वर केली तर समोर प्रभाकर, आणि त्याच्या मागे खांद्यावर पिशवी घेतलेले महादेवराव.

प्रभाकरचे गुण मी तपासले. त्या दिवशी माझ्या टेबलावरून गेलेल्या मुलांत ते वरच्या चार-पाचांत बसले असते. मी सही केली आणि त्याला रहिवासाच्या टेबलाकडे पाठवलं. टेबल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. तिथल्या बाबूंनी विचारलेलं मला ऐकू आलं.

"तहसील?"

"सौसर."

"जिल्हा?"

"छिंदवाडा."

"परराज्य. बाहेरच्या जागा भरल्या. पुढे या."

'पुढे या' हे प्रभाकरच्या मागच्या मुलाला होतं. बाबूंचा काही दोष नव्हता, त्यांच्यासमोर नियम ठेवला होता तो त्यांनी वाचला. मी उठून प्राध्यापकसाहेबांकडे गेलो. साहेब त्या मुलाला ओळखत होते, तिगावची खुंटी ते विसरले नव्हते. प्राचार्यांकडे स्वतः गेले. परत आले तेव्हा टोप हातात होता, त्यावरूनच मला समजलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मध्य प्रदेशातल्या कॉलेजात, जबलपूरला, अर्जाची मुदत तोवर टळून गेली होती. एवढ्या गुणांवर इथे बाहेरच्या थोड्या जागांतली एक नक्की मिळेल या भरवशावर त्याने तिकडे केलाच नव्हता. प्रभाकरने बी.एस्सी. केलं आणि सौसरला शाळेत विज्ञान शिकवू लागला. चांगला शिकवतो असं त्या बाजूचे लोक सांगतात. मी त्याला पुन्हा भेटलो नाही. 

त्या दिवशी मी दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं. प्रभाकर चहा न पिता बाहेर जाऊन ओतशाळेच्या खिडकीशी उभा राहिला. आत भट्टी चालू होती, मुलं साच्यात लोखंड ओतत होती. तो आतच बघत होता. महादेवरावांनी पिशवीतून चारोळीची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. बायकोने दिली म्हणाले.

"खुंटी आहे अजून," ते म्हणाले. "कोनी पाय लावत नाही तिले."

मी पुडी उघडून दोन दाणे तोंडात टाकले.

बशीत ओतलेला चहा त्यांनी सावकाश संपवला. मग पहिल्यांदाच झाडांकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "सायेब, तुम्हीबी पांढुर्ण्याचेच ना. मंग तुम्ही इकडे कसे?"

"आम्हाला विचारलं होतं," मी म्हटलं. "इकडे राहता की तिकडे जाता."

"इचारलं?"

"हो."

"तोंडानं?"

"हो. समोर बसवून."

मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. चिडला असता तर बरं वाटलं असतं, मला काहीतरी बोलता आलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान दिसलं, शेजाऱ्याच्या घरी लग्न जमल्याचं ऐकावं तसं. पिशवी खांद्याला लावून ते उठले.

"बरं झालं," ते म्हणाले. "कोनाले तरी इचारलं."